ॲडजस्ट करा, मॅडम

गेली कित्येक वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि त्या भाषेतल्या एका क्रियापदाची मला किळस येते. ॲडजस्ट. फळ्यावर लिहिण्यापुरता शब्द ठीक आहे. चष्मा नाकावर नीट बसवला, सायकलची चेन ओढून घेतली, पंख्याचा वेग कमी केला, आरशासमोर पदर सारखा केला, की इंग्रजीत या सगळ्याला हाच एक शब्द पुरतो. मुलांना मी तसाच शिकवते. मुलं मान डोलावतात, कारण हा शब्द त्यांना माझ्याआधीपासून माहीत असतो. तो इथं पुस्तकातून आलेलाच नाही.

मी राहते वाशीमला. शाळा मेडशीच्या अलीकडच्या एका गावात. सकाळची अकोल्याकडे जाणारी एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं आणि पुढं चालत. एसटीत तिघांच्या बाकावर आम्ही तिघं बसलेले असतो आणि चौथा उभ्याउभ्याच कंबर वाकवून म्हणतो, "सरका जराशा मॅडम, ॲडजस्ट करा नं." विचारत नसतो, सांगत असतो. तोवर त्याचं अर्धं बूड टेकलेलंही असतं. मग फाट्यापर्यंत त्याचा कोपर माझ्या बरगडीत आणि तोंडातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास माझ्या नाकात. मी जर म्हटलं, "नाही करत ॲडजस्ट," तर सगळी गाडी माझ्याकडे अशी बघते की जणू मीच कुणाच्या मांडीवर जाऊन बसले.

मागं एकदा धनजला नात्यातल्या एका मुलासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. मुलगी शिकलेली, बोलायला चुणचुणीत. पोह्यांच्या बश्या घेऊन ती उभी असतानाच मुलाची आई तिच्या आईला म्हणाली, "शिक्षनाचं काय नाई वं बाई, आमाले पोरगी ॲडजस्ट करनारी पाह्यजे." मुलीच्या आईनं लगेच सांगितलं की लहानपणापासूनच तशी आहे. मुलगा ॲडजस्ट करतो का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तो पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होता. मला ते पोहे गिळवले नाहीत. लग्नात वरण कमी पडलं, ओता पाणी, ॲडजस्ट करा. सभेत वक्ता आला नाही, मॅडम, तुम्ही बोला, ॲडजस्ट करा. रजा मंजूर झाली नाही, ताप अंगावर काढा, ॲडजस्ट करा. अर्थ बदलत राहतो, करणारी माणसं मात्र ठरलेली असतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार याला इंग्रजी प्रतिशब्द कुणी विचारला तर मी हाच सांगीन.

हे सगळं मी बडबडून सोडून दिलं असतं. पण आमच्या शाळेच्या संडासापाशी येऊन माझं डोकं फिरलं.

शाळेत मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधून झालं होतं. बाहेरून गुलाबी रंग, दारावर दोन वेण्या घातलेल्या मुलीचं चित्र, आत पांढऱ्याशुभ्र फरश्या. आणि दाराला कुलूप. चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. कारण विचारलं तर म्हणायचे, "खराब होईल नं मॅडम." आमच्या भागात घरोघरी काचेच्या कपाटात कपबशांचा एक चांगला सेट असतो. पाहुण्यांसाठी म्हणून आणलेला. पाहुणे येतात, चहा पिऊन जातात, पण तो सेट काही निघत नाही, कारण फुटेल. सून त्याच्यावरची धूळ पुसत पुसत सासू होते. कपांचं एक वेळ समजू शकते. पण आमच्या माणसांनी संडासही तसाच सांभाळला होता. साहेबलोक तपासणीला आले की कुलूप निघायचं, ते बघून जायचे, पुन्हा कुलूप.

मुली काय करायच्या, तर पाणी प्यायच्या नाहीत. सकाळी घरून निघताना एक घोट, त्यानंतर घरी गेल्यावर. शाळेमागच्या वावरात तुरी उभ्या असल्या की आडोसा असायचा. सोयाबीन काही कामाचं नाही, ते गुडघ्याएवढंच. आणि तुरी कापल्या की मागं बोडखं रान, पलीकडे रस्ता, रस्त्यावर माणसं. मग तेही बंद. शाळेत बाई मी एकटीच. मी गावातल्या एका घरी जायचे, त्या घरच्या बाईला रोज उगीचच कशी आहेस, काय चाललंय विचारत. पुरुष शिक्षकांना असली काही अडचण नव्हती. त्यांना फाटकाजवळची मुतारी होती आणि तिच्यापर्यंत जायचा कंटाळा आला तर कंपाउंडची भिंत होती. त्या भिंतीजवळून जाताना मी श्वास रोखून चालायचे.

दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या बाकावरची, पलीकडच्या गावाहून चालत येणारी. तिला एसटीत कंडक्टर व्हायचं होतं. वर्गात कुणी जागेवरून भांडलं की ती तिथल्या तिथं निवाडा करून द्यायची, इतका तिचा आवाज खणखणीत. इंग्रजीत चुकायची, पण चुकताना लाजायची नाही, आणि असली मुलगी शिक्षकाला हजारात एक मिळते. तुरी कापल्यानंतर ती अधूनमधून गैरहजर राहायला लागली. मग येईनाशीच झाली. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. मैत्रिणींना विचारलं तर म्हणाल्या, तिच्या घरीच विचारा. शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

ती खाटेवर पडली होती. आई नुकतीच दुसऱ्याच्या वावरातून कामावरून आली होती, पायांवरची मातीही धुतली नव्हती. मला बघून तिनं घाईघाईनं खाटेवरची गोधडी सारखी केली.

"काय झालं पोरीला?" मी विचारलं.

"उनाळी लागली होती तिले, बाई. लघवीले आग आग होये. मंग ताप भरला. डाक्टर म्हने पानी पेत नाई पोरगी, भरपूर पानी पाजा." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आता शाळेत पानी पेलं का जा लागते. जाईन कोठी? अन महिन्याचे चार दिवस तं इचारूच नका. मी तिले घरीच ठेवतो आता."

"अहो, परीक्षा आलीय. एवढ्यासाठी दहावी सोडवता?"

ती बाई भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "घरामांगं वावर तरी हाये, बाई. तुमच्या शाळेत काय हाये?"

मुलगी खाटेवरून म्हणाली, "मॅडम, कोनता धडा सुरू हाये?" मी धडा सांगितला आणि चहाही न घेता निघाले. रस्ताभर मला स्वतःच्या पगारी नोकरीची, त्या गुलाबी भिंतीची, दारावरच्या दोन वेण्यांची अशी शिसारी येत होती की फाट्यावर एसटी आली तेव्हा मला ती दिसलीच नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं चढले.

दुसऱ्या दिवशी थेट मुख्याध्यापकांकडे गेले. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांत आधी पोहोचतात, कुणाची मुलगी पास झाली की स्वतः पेढे आणतात. म्हणून तर जास्त राग येतो. मी सगळं सांगितलं, उन्हाळी लागल्याचंसुद्धा. तो शब्द ऐकल्यावर ते टेबलावरचं पेन इकडचं तिकडं करायला लागले.

"तुमचं म्हननं बरोबर हाये, मॅडम. पन पोरी घान करून ठेवतीन. नळाले पानी नाई, सफाईले मानूस नाई. पुढच्या आठोड्यात तपासनी हाये, ते होऊन जाऊ द्या, मंग पाहू. तोवर ॲडजस्ट करा."

"कुणी?"

"सगळ्याईनंच."

"सर, तुम्ही काय ॲडजस्ट करून राह्यले, तेवढं सांगा."

ते पंख्याकडे बघायला लागले. दारातला शिपाई फिसकन हसला आणि मग खोकल्याचं सोंग करून निघून गेला. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी उठले. पण एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली होती. तपासणीच्या दिवशी दार उघडणार होतं. मी मैत्रिणींकडून त्या मुलीला निरोप धाडला: त्या दिवशी ये, कुलूप नसेल.

तपासणीच्या दिवशी शाळा अशी सजवली की लग्नघर लाजावं. फाटकापासून रांगोळी. मैदानात मुली लेझीम घेऊन उन्हात उभ्या. त्यांतल्याच काही जणींनी सकाळी हापशीवरून बादल्या भरभरून त्या संडासात पाणी नेऊन ठेवलं होतं. कागदातून न काढलेला नवा साबण, खुंटीला नवा टॉवेल, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. ज्यांनी पाणी वाहिलं त्यांना तिथं जायची परवानगी नव्हती. देखल्या देवा दंडवत म्हणतात, इथं तर देव यायच्या आधीच सगळे आडवे पडले होते. ती मुलगी आली होती. गाल बसलेले, युनिफॉर्म अंगावर लोंबत होता. लेझीम तिला दिली नव्हती, शेवटच्या रांगेत नुसती उभी होती.

तपासणीला आलेल्या साहेब बाई होत्या. मला आशा वाटली, खोटं कशाला बोलू. बाई आहे, तिला कळेल. लांबच्या प्रवासातून आलेल्या, त्यामुळे आधी तिकडेच गेल्या. शिपाई पाण्याचा मग घेऊन बाहेर उभा. बाहेर आल्या, टॉवेलला हात पुसले, मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "छान ठेवलंय हं. अगदी स्वच्छ." सरांचा चेहरा असा उजळला की बघवेना. मग सगळी मंडळी शाल-श्रीफळासाठी ऑफिसात गेली.

शेवटच्या रांगेतून ती मुलगी निघाली. मैदान ओलांडून सरळ गेली, दार ढकललं आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज मला ऐकू आला. ती बाहेर आली, तोवर दुसरी एक दाराशी उभी होती. तिच्यामागं तिसरी. मग लेझमी जमिनीवर ठेवून सगळ्या पोरींनी रांग लावली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कुणी हसली नाही, ढकलाढकली नाही. नळावर लावतात तशी रांग, रांगोळीवरून, थेट फाटकापर्यंत.

मुख्याध्यापक ऑफिसातून धावत आले. "अवं पोरीहो, हे काय चालवलं? साहेब हायेत अजून! घरी गेल्यावर जा नं. थोडं ॲडजस्ट करा!" एकही पोरगी जागची हलली नाही. ती कंडक्टर होणारी तेवढी रांगेच्या तोंडाशी उभी राहून म्हणत होती, "एक एक चला, एक एक."

मी तडक ऑफिसात गेले. साहेब बाईंच्या हातात आलुबोंडा होता. मी सांगितलं, की हे दार रोज बंद असतं, या पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत, एक पोरगी तर शाळा सोडायच्या बेतात आहे. त्यांनी खिडकीतून रांगेकडे बघितलं. बघितलं, हे मी नक्की सांगते. मग घास गिळून, अगदी मायेनं म्हणाल्या, "एकदम सगळं नाही होत, मॅडम. आपण बायकांनी थोडं ॲडजस्ट करायचं असतं."

दहा मिनिटांपूर्वी त्या संडासातल्याच साबणानं धुतलेल्या हातांनी त्यांनी दुसरा आलुबोंडा उचलला. पुरुषांचा राग येतो, पण त्या बाईची मला किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्यांना फाटकाबाहेर निरोप देणं चाललं होतं तेव्हा मी संडासाकडे गेले. उघडं कुलूप कोयंड्याला लटकत होतं. मी ते काढून पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी शिपायाला विचारलं, मग सगळ्यांना. मी म्हटलं, "कुलूप माझ्याकडे आहे. देणार नाही. दुसरं आणाल तर तेही घेईन." ते नुसतं म्हणाले, "बरं बाप्पा. मंग साफ कोन करन, तेही तुमीच सांगा."

त्यांचं गणित बरोबर होतं. आठवडाभरात तिथं उभं राहवेना. एवढ्या पोरी, पाणी हापशीचं, सफाईला कुणी नाही. शिपाई म्हणाला, "ते काम माह्यं नाई." कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही, आमच्या गावांत ते सांगावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. सर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले आणि माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. म्हणूनच कुलूप होतं, असं ती मान म्हणत होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी पदर खोचला. घरून ॲसिडची बाटली आणि खराटा आणला होता. मोठ्या मुलींनी बादल्या भरून दाराशी ठेवल्या, आत मी कुणाला येऊ दिलं नाही. घाण होती, वास होता, ओकारी आली, तीही तिथंच धुतली. पण खरं सांगते, एसटीतल्या त्या कोपराइतकी किंवा त्या दुसऱ्या आलुबोंड्याइतकी ती घाण वाटली नाही. पाणी टाकलं की गेली. सर व्हरांड्यातून बघत होते. जाताना म्हणाले, "मॅडम, हे तुमाले शोभत नाई."

सोमवारी ती मुलगी शाळेत आली. आईनं पाठवली होती. पोरींनी गावात जाऊन सांगितलं होतं की दार उघडं आहे. पहिल्या बाकावर बसली, दप्तरातून पाण्याची बाटली काढून बाकावर ठेवली. मी वर्गावर नजर टाकली तर बाकाबाकांवर बाटल्या. इतक्या वर्षांत या वर्गात मुलींच्या बाकावर मी पाणी पाहिलं नव्हतं. तिनं झाकण काढलं आणि माझ्यासमोर घटाघटा अर्धी बाटली संपवली. पुढं ती परीक्षेलाही बसली, एकही पेपर न चुकवता.

त्याच सोमवारी मधल्या सुट्टीत मी चहाला बसले. ट्रेमध्ये सगळ्यांचे कप होते, माझा नव्हता. माझा खिडकीत होता, वेगळा, पालथा घातलेला. शिपायानं खाली बघत वरून धार धरून त्यात चहा ओतला, किटली कपाला लागू नये इतक्या जपून. माझ्या शेजारचे सर तळहातावर खर्रा घोटत होते. त्यांनी आधीच्या खर्र्याची पिचकारी खिडकीबाहेर टाकली, त्याच बोटांनी ट्रेमधला कप उचलला, आणि त्यांच्या कपाबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

मुख्याध्यापक हळूच जवळ आले. "मनावर घेऊ नका, मॅडम. तुमी ते धुतलं नं, काही लोकाईले बरं वाटत नाई. थोडे दिवस ॲडजस्ट करा, मी सगळ्याईले समजावतो, मंग ठेवू तुमचा कप आत."

त्यांनी खरंच समजावलं असावं. परवा माझा कप पुन्हा ट्रेमध्ये बाकीच्यांच्या कपांना चिकटून ठेवलेला दिसला. मी तो उचलला, साबणानं घासून धुतला आणि परत खिडकीत नेऊन ठेवला. सर म्हणाले, "आता कायले, मॅडम?" मी म्हटलं, "असू द्या तिथंच. मला तुमच्या कपांची किळस येते."